जीपचे पाटे घरी बदलावेत काय?

ज्यांच्या दारात जुनी जीप किंवा जिप्सी उभी आहे, त्या घरांत दर काही वर्षांनी एक खर्च ठरलेला असतो. गाडी एका अंगाला झुकलेली दिसते, खड्ड्यातून गेल्यावर बराच वेळ डोलत राहते, मागच्या बाकावरची माणसे कुरकुर करू लागतात आणि मिस्त्री गाडीखाली वाकून सांगतो की पाटे बसले, शॉकअपही गेले. गॅरेजचा आकडा ऐकल्यावर मालकाच्या मनात एक विचार हमखास येतो. पाने आपल्याकडे आहेत, मुलगा हाताशी आहे, अंगणात जागा आहे. मग हे काम घरीच का करू नये?

या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे मिळतात. गॅरेजवाले म्हणतात, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. हौशी मंडळी म्हणतात, त्यात काय आहे, चार नट तर खोलायचे. आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कमान पाटे आणि शॉकअप बदलण्याचे काम घरी होऊ शकते व अनेकांनी ते शिकून घ्यावे. मात्र त्यात बचत करायची ती फक्त मजुरीत. मालात आणि गाडी उचलून धरण्याच्या साधनांत जो बचत करील, त्याने हे काम घरी करू नये.

कोणत्या गाड्यांविषयी?

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की आम्ही कोणत्या गाड्यांविषयी बोलत आहोत. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे त्याच घराण्यातून एमएम ५४०, कमांडर, मेजर अशा गाड्या निघाल्या. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. या सगळ्यांची खालची रचना एकाच पठडीतली आहे. पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांवर कमान पाटे आणि प्रत्येक चाकाजवळ एक शॉकॲब्सॉर्बर. इथे दाबून ठेवलेली गोल स्प्रिंग नाही. सारे काम नट-बोल्टांचे आहे.

२०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई प्रकारात पुढे टॉर्शन बार आला आणि २०२० च्या नव्या थारमध्ये चारही चाकांवर गोल स्प्रिंगा आल्या. त्यांच्याविषयी आमचे मत वेगळे आहे. ते पुढे येईलच.

ज्यांच्याकडे या जुन्या गाड्या आहेत, ते सगळेच हौशी नाहीत. सातारा-कोल्हापूरकडे जी वडापची जीप चालते, कोकणात वाडीवरून आंब्याच्या पेट्या उतरवणारी जी गाडी असते, वीटभट्टीवर किंवा डोंगरातल्या शेतावर जी रोज जाते, ती त्या घराची कमावती गाडी असते. तिला कच्चा रस्ता चुकत नाही. गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर मजुरीपेक्षा बुडालेल्या धंद्याचाच खर्च जास्त होतो. म्हणूनच हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

पाट्याचे काम काय आणि शॉकअपचे काय

आमचा अनुभव असा की निम्मा पैसा अज्ञानात जातो. गाडी झुकली की लोक शॉकअप बदलतात आणि गाडी डोलते म्हणून पाट्यांत एक जादा पान घालून घेतात. हे उलटे झाले.

गाडीचा भार पाटा पेलतो. गाडीची उंची पाट्यावर ठरते. शॉकअप भार पेलत नाही. पाटा दबला की तो परत उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी लवकर शांत करणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या आत तेल असते आणि ते तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाताना हालचालीची ताकद उष्णतेत जाते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो. बाकीचे शॉकअप गरम असताना एखादा थंड राहिला, तर त्याने काम सोडले आहे असा संशय घ्यायला हरकत नाही.

तेव्हा गाडी एका बाजूला झुकली असेल, पाट्याची कमान सपाट झाली असेल, पानाला तडा गेला असेल, तर दोष पाट्याचा. गाडी सपाट उभी आहे पण एका धक्क्यानंतर तीन-चार वेळा हेलकावते, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला आहे, शॉकअपच्या अंगावर तेल ओघळले आहे, तर दोष शॉकअपचा. शिवाय काही वेळा दोन्ही ठीक असतात आणि फक्त बुश झिजलेले असतात. तो खर्च सर्वांत लहान आहे. खटखट आवाज ऐकून पाट्यांचा पूर्ण संच घेण्यापूर्वी शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्यातले बुश पहावेत.

एवढी ओळख झाली तरी मालकाचा मोठा फायदा होतो, मग तो काम घरी करो वा न करो.

माल घेताना

पाटे आणि शॉकअप जोडीने बदलावेत. डावा नवा आणि उजवा जुना ठेवला तर गाडी पुन्हा झुकते आणि ब्रेक मारताना एका अंगाला ओढ घेते. चारही बदलण्याची ऐपत नसेल तर पुढची जोडी किंवा मागची जोडी बदलावी. पण एकटा पाटा बदलणे ही बचत नव्हे.

तुटलेल्या पानाला वेल्डिंग करून देणारे महामार्गावर ठिकठिकाणी भेटतात. स्प्रिंगच्या पोलादाला जी ताकद असते ती ठराविक तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा पाणी देऊन आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती जाते आणि पान पुढच्या वेळी सांध्याच्या शेजारीच तुटते. घाटात तुटले तर ॲक्सल जागेवरून सरकतो. बसलेला पाटा नुसता ठोकून पुन्हा कमान देण्याचेही तसेच आहे. ज्या कारखान्यात पाने तापवून रीतसर पाणी देण्याची सोय आहे तिथे हे काम टिकते. नुसत्या घणाने दिलेली कमान काही महिन्यांत उतरते.

यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच घ्यावेत. पूर्ण ताणून कसलेला यू-बोल्ट एकदा वापरला की त्याचे आटे आणि त्याचा ताण दोन्ही गेलेले असतात. हजारोंचे पाटे आणून जुने यू-बोल्ट बसवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ही काटकसर समजण्यापलीकडची आहे.

आपल्या देशात हा माल भरपूर बनतो. यमुनानगरची जमना ऑटो पाट्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया शॉकॲब्सॉर्बर बनवते आणि तिचे कारखाने आपल्याकडे चाकण व नाशिक येथे आहेत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर येथे दुकानांची कमतरता नाही. कमतरता आहे ती बिल मागणाऱ्या ग्राहकांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलाशिवाय माल घेण्याचा मोह पूर्वी जेवढा होता तेवढा आता राहू नये. बिल असेल तर नकली माल परत करता येतो. नसेल तर दुकानदार आपल्याला ओळखतही नाही. कुर्ल्यासारख्या ठिकाणी जुना माल मिळतो. त्यातून दाराचे कुलूप घ्यावे, आरसा घ्यावा. शॉकअप घेऊ नये, कारण तो आतून किती संपला आहे हे बाहेरून दिसत नाही.

काम कसे करावे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांना गंज सोडवणारे तेल द्यावे. पावसाळ्यात चिखल खाल्लेल्या गाडीचे बोल्ट घाईने खोलायला गेले तर तुटतात आणि दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते.

जागा सपाट आणि पक्की हवी. मातीच्या अंगणात घोडी रुतते. तिथे जाड फळी किंवा लोखंडी पत्रा घातल्याशिवाय काम करू नये. गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि जी चाके जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत. मागची चाके उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्या वेळी गाडी फक्त पुढच्या गुटक्यांवर थांबलेली असते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत.

मग गाडी जॅकवर उचलून चासीखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावाव्यात. ही घोडी या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्याचे एक वायसर गेले की गाडी खाली येते आणि ती येताना आवाज देत नाही. जुनी जीप सव्वा ते दीड टनाची असते. विटा, दगड, जुनी टायरची रिम यांवर ती उभी करणारे लोक प्रत्येक गावात आहेत. वीट दाबाने झिजत नाही, ती एकदम फुटते. ज्याच्याकडे दोन चांगल्या घोड्या नाहीत आणि ज्याची त्या विकत घेण्याची तयारी नाही, त्याने गाडी सरळ गॅरेजमध्ये न्यावी.

चासी घोड्यांवर बसली की ॲक्सलखाली दुसरा जॅक लावून त्याचे वजन तोलावे. चाके आणि शॉकअप काढावेत. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना हे पाहत रहावे. ॲक्सल नळीवर लोंबकळू देऊ नये. मग यू-बोल्ट खोलावेत, ॲक्सल जॅकवर हळूहळू उतरवावा, म्हणजे पाट्यावरचा ताण जातो. त्यानंतर शॅकलचा आणि दुसऱ्या टोकाचा बोल्ट काढला की पाटा हातात येतो. तो जड असतो. एकट्याने छातीवर घेऊ नये. एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे ॲक्सल जागेवर राहतो आणि दुसरी बाजू नमुन्यासाठी समोर असते.

नवा पाटा बसवताना सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या बैठकीतील छिद्रात नीट बसले पाहिजे. तिथे चूक झाली तर ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्टचे चारही नट आलटून पालटून, थोडे थोडे कसावेत आणि शेवटी गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने पक्के करावेत. शॉकअप बसवण्यापूर्वी तो उभा धरून काही वेळा पूर्ण दाबावा आणि ओढावा, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. गॅसचा शॉकअप पट्ट्याने बांधून येतो. पट्टा कापताच तो झटक्याने लांब होतो, म्हणून तोंड दूर ठेवावे.

एक गोष्ट जुन्या हातांकडूनही निसटते. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. ते नुसते अडकवून ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-तीनदा दाबून बसू द्यावी आणि मगच आवळावेत. हवेत आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश काही महिन्यांत फाटतात. मग मालक दुकानदाराला दोष देतो.

शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा तपासावेत. नवी पाने एकमेकांवर बसतात आणि नट सैल पडतात. हे शेवटचे काम ज्याने केले नाही, त्याचे काम अर्धेच झाले.

घरी काय करू नये

दाबलेल्या गोल स्प्रिंगेत साठलेली ताकद माणसाचा हात मोडण्यास पुरेशी असते. शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला भाग उघडण्यासाठी प्रेस किंवा खात्रीचा कॉम्प्रेसर लागतो. नव्या थारच्या पुढच्या चाकांचे हे काम घरी करू नये. टॉर्शन बारचेही तसेच. कोणताही शॉकअप गॅसने तापवू नये किंवा कापू नये.

दुसरी गोष्ट गाडी उंच करण्याची. लांब शॅकल घालून किंवा जादा कमानीचे पाटे टाकून गाडी उंच करण्याची तरुणांत हौस आहे. उंच गाडीचा तोल वर जातो, वळणावर ती कलते, स्टीअरिंगचा कोन बिघडतो, प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांवर ताण येतो. कायद्याचा प्रश्न वेगळाच. कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनात फेरफार करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणे ही दुरुस्ती आहे. त्यापलीकडे जाणाऱ्याने आधी परिवहन कार्यालयात विचारावे.

मिस्त्रींना दोन शब्द

आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांची चूल गॅरेजवर चालते. ग्राहक घरी काम करू लागला तर आमच्या धंद्याचे काय, असे ते विचारतील. त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की ग्राहक हौसेने कमी आणि अविश्वासाने जास्त घरी वळतो. जुना पाटा परत दाखवला जात नाही, बिलावर एकाच ओळीत सगळा आकडा असतो, काय बदलले ते सांगितले जात नाही. अशा ठिकाणी पुन्हा जाण्यापेक्षा तो स्वतःचे हात काळे करतो.

यावर उपाय मिस्त्रींच्याच हातात आहे. माल आणि मजुरी बिलात वेगळी दाखवावी. काढलेले भाग ग्राहकाच्या गाडीत ठेवून द्यावेत. टॉर्क पाना घ्यावा आणि तो ग्राहकासमोर वापरावा. शिवाय ज्याने पाटे घरी बसवले त्याला दारातून परत पाठवू नये. बुश दाबून बसवणे, पुढच्या चाकांचा टो पाहणे, स्टीअरिंग सरळ करणे, शेवटची तपासणी करून देणे ही कामे घरी नीट होत नाहीत आणि त्यांचे पैसे ग्राहक आनंदाने देतो. चांगल्या घोड्या आणि ट्रॉली जॅक दिवसाच्या भाड्याने द्यायलाही काय हरकत आहे? त्यातून दोन पैसे मिळतील आणि विटांवर गाडी उभी करणारा एखादा जीव वाचेल.

ज्याने एकदा स्वतः गंजलेला शॅकल बोल्ट काढला आहे, तो मजुरीवरून घासाघीस करत नाही, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. त्या बोल्टाची किंमत त्याला कळलेली असते.

मुलांविषयीही हेच म्हणता येईल. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्या मुलाने सुट्टीत वडिलांबरोबर घरच्या जीपचे पाटे बदलले असतील, तर वर्गात त्याला अर्धा धडा आधीच येत असेल. उलट गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलाने पुस्तकातील टॉर्कचा आकडा वाचायला शिकले पाहिजे. हाताच्या अंदाजावर या धंद्याची एक पिढी जगली. पुढची पिढी तेवढ्यावर जगणार नाही.

सारांश, पाटे घरी बदलावेत काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर होय असे आहे. गाडी जुन्या बनावटीची असेल, माल नवा आणि बिलाचा असेल, जोडीने बदलायचा असेल आणि दोन घोड्या दारात असतील तर. यांतील एकही गोष्ट नसेल तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी, शेजारी उभे राहून काम पहावे आणि जुने भाग मागून घ्यावेत. पावसाळ्यापूर्वी हे काम उरकणे सर्वांत सोयीचे. ज्यांची गाडी आत्ताच झुकू लागली आहे त्यांनी निदान या आठवड्यात एकदा तिच्याखाली वाकून कोणते पान तुटले आहे ते पहावे.